तपासणाऱ्यांची वानवा

धानाच्या सरकारी खरेदीसाठी गोंदिया जिल्ह्यातला शेतकरी ऑनलाइन नोंदणी करतो, तेव्हा सातबाऱ्यापासून बँक खात्यापर्यंत त्याची सगळी माहिती कुठल्यातरी सर्व्हरवर जाते. असा सर्व्हर हल्ली एकाच कामासाठी क्वचितच राखलेला असतो. एकाच यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशिन चालतात. केंद्राचा ‘मेघराज’ हा सरकारी क्लाउडही याच तत्त्वावर उभा आहे. शेतात धुरे घालून बांध्या पाडाव्यात तशी ही विभागणी असते. धुरा फुटला की एका बांधीतले पाणी दुसरीत शिरणारच. हा धुरा राखतो तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्यातले व्हर्च्युअलायझेशन ड्रायव्हर. त्यांत होणारा प्रत्येक बदल बारकाईने वाचणारी माणसे कमी आहेत. ती घडवण्याची जबाबदारी आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही घेतली पाहिजे.

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये व्हर्च्युअल मशिन चालवणारा ‘केव्हीएम’ हा भाग 2007 मध्ये आला. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. बदल ईमेलने येतो, जाणकार तो ओळीओळीने वाचतो आणि पटल्यास ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून स्वतःचे नाव लावतो. ही जबाबदारीची सही आहे. ड्रायव्हर तपासणाऱ्याला सतत संशय घ्यावा लागतो. आतल्या मशिनने दिलेला आकडा पडताळला आहे का? पडताळणी आणि वापर यांच्यामधल्या क्षणात तो बदलता येईल का? काम मध्येच फसले तर घेतलेली मेमरी परत केली जाते का? असा एक प्रश्न सुटला की काय होते, ते 2019 मध्ये दिसले. ‘व्हीहोस्ट’ या भागात, चालू मशिन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना, आतून आलेल्या लांबीच्या आकड्यांची नीट तपासणी होत नव्हती. त्यामुळे आतल्या मशिनमधून थेट मुख्य यंत्रावर घाला घालणे शक्य होते. ही चूक 2010 च्या 2.6.34 आवृत्तीपासून कर्नलमध्ये होती. नऊ वर्षे!

मुक्त सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचता येते, मग चुका टिकतात कशा, असा आक्षेप येईल. वाचता येणे वेगळे आणि कोणीतरी खरोखर वाचणे वेगळे. ही नऊ वर्षे त्याचाच पुरावा आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे काम आता यंत्रेच करतील. ‘सिझकॉलर’सारखी साधने कर्नलवर अखंड उलटसुलट मारा करून खरोखरच पुष्कळ दोष शोधतात, आणि ती वापरलीच पाहिजेत. पण हा बदल मुळात हवा का, पाच वर्षांनी तो कोण सांभाळणार, पाठवणाऱ्याचा हेतू काय, हे त्यांना ठरवता येत नाही. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात चोरवाट सापडली. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याचा विश्वास दीर्घकाळ कमावून एकाने ती घुसवली होती. तिथे आणखी दोन जबाबदार वाचक असते, तर हे इतके सोपे गेले नसते.

राहिला प्रश्न अंतराचा. गोंदियाच्या मुलाने हे काम का करावे आणि त्याला ते जमेल का? या कामाला ना महागडी प्रयोगशाळा लागते, ना पुण्याला स्थलांतर. साधा लॅपटॉप, ‘क्यूईएमयू’ हे व्हर्च्युअल मशिन चालवणारे मोफत सॉफ्टवेअर आणि ईमेल पुरते. सी भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय अभ्यासक्रमात आहेतच. लागतो तो वेळ, आणि चूक दाखवली गेली तर ती मान्य करण्याची सवय. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने केवळ बदल चालवून पाहावेत आणि निष्कर्ष कळवावेत. ती चाचणीही कर्नलमध्ये नावानिशी नोंदवली जाते. मात्र न वाचता सही करणारे तयार झाले तर नुकसानच होईल, म्हणून गुण सह्यांच्या संख्येवर देऊ नयेत, विचारलेल्या प्रश्नांच्या दर्जावर द्यावेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात दरवर्षी तीच ती उपस्थिती नोंदवणारी ॲप्स करून घेण्यापेक्षा विद्यापीठांनी या तपासणीला प्रकल्पाचा दर्जा द्यावा, आणि पुण्याच्या सी-डॅकने मार्गदर्शक पुरवावेत. गोंदियातल्या महाविद्यालयाने पुढच्या सत्रापासून एका तुकडीपुरता तरी हा प्रयोग करावा.