माणसावर नव्हे, धोरणावर बोला

दादरा-नगर हवेलीला विधानसभा नाही. लोकसभेतला एकच खासदार म्हणजे आपला आवाज. २६ जानेवारी २०२० रोजी आपला प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला, तोही संसदेने केलेल्या कायद्याने. त्यामुळे सभागृहाचा वेळ उखाळ्यापाखाळ्यांत गेला की सिल्वासाच्या वाचकांचे प्रश्न मागे पडतात. बदनामीकारक आरोप करायचा तर लोकसभेचा नियम ३५३ अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आगाऊ सूचना द्यायला सांगतो. धोरणाची झाडाझडती मात्र हवीच, तीही सडेतोड: खर्च किती, लाभ कुणाला, वारली-कोकणा पाड्यांच्या पदरात काय?

या अंकात आम्ही संसदेतली भाषणं याच कसोटीवर तपासली आहेत. वक्त्याचा पक्ष पाहिलेला नाही. तुम्हाला पटलं ते आणि खटकलं तेही मोकळेपणाने कळवा.