दुकानात बहिणीचा हिस्सा किती?

आपल्या बाजारात वडील गेले की थोड्याच दिवसांत दुकानाच्या परवान्यावर मुलांची नावे चढतात आणि बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावले जाते. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: "तिच्या लग्नात जहेज दिला, तोच तिचा हिस्सा." अनेक बैठकींत आम्ही हे ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर ऐकून गप्प बसलो आहोत.

हा युक्तिवाद जुना आहे. १८४७ साली मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात खोजा व मेमन व्यापारी घराण्यांतील मुलींनी कुरआनप्रमाणे वडिलांच्या मिळकतीत हिस्सा मागितला. समोरच्यांचे म्हणणे असे की आमच्या रिवाजात मुलीला लग्न होईपर्यंत पोटगी आणि लग्नाचा खर्च एवढेच मिळते. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रिवाज ग्राह्य धरला आणि मुली हरल्या. (खुद्द इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवता यावी म्हणून १८७० व १८८२ चे कायदे व्हावे लागले!) पुढे १९३७ च्या शरीअत कायद्याने रिवाजाऐवजी शरीअत आणली, कच्छी मेमनांसाठी १९३८ चा वेगळा कायदा झाला. शेतजमीन मात्र १९३७ च्या कायद्यातून वगळली गेली.

म्हणजे कोर्टातला रिवाज गेला, दुकानातला राहिला.

हिशेब आपल्याला नवा नाही. समजा मरहूमच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत असल्यास ती भागवून चाळीस लाख उरले, तर पत्नीचे पाच लाख, प्रत्येक मुलाचे चौदा, मुलीचे सात. पत्नीचा महर दिलेला नसेल तर तो कर्जातच धरायचा, हे तर कोणी लक्षातही घेत नाही. हयातीत दिलेला जहेज मुलीच्या सात लाखांतून वजा करण्याची तरतूद शरीअतमध्ये नाही. बाप हयात असताना मुलीचा वारसाहक्क जन्मालाच येत नाही, मग लग्नाच्या दिवशी तो फिटला कसा?

"दुकान कापून वाटायचे का?" असे कारागीर बांधव विचारतात. दोन यंत्रांचा कारखाना असेल तर अडचण खरी आहे. पण भागीदार वेगळा होतो तेव्हा आपण माल, यंत्रे, येणी-देणी, पगडी यांची किंमत धरून त्याला हप्त्यांनी पैसे देतोच ना? बहिणीला तसे देता येते, किंवा तिला भागीदार करून नफ्यात हिस्सा लावता येतो. इंतकालाच्या तारखेचा माल मोजून वहीत लिहिला तर पुढचे निम्मे भांडण मिटते.

बहीण स्वखुशीने सोडत असेल तर तिची मर्जी. मात्र माहेर तुटेल या भीतीने केलेली सही आम्ही स्वखुशीची मानत नाही. आधी तिला सात लाखांचा आकडा सांगा, कागद नंतर पुढे करा.