घरांतील समुद्र आणि खरेदीचा विवेक

मनुष्यास एखादा तरी छंद असावा, याविषयीं दुमत नाहीं. परंतु ज्या छंदांत मुक्या जीवांचे प्राण आपल्या हातीं येतात, त्या छंदांत पैसा कसा व कोणत्या क्रमानें खर्चावा, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाहीं; तो कर्तव्याचा प्रश्न होतो. खाऱ्या पाण्याच्या टांक्यांत जिवंत पोवळीं वाढविण्याचा छंद असाच आहे. त्यासाठीं नवीं उपकरणें घेतांना आधीं काय घ्यावें व मागून काय, याविषयींचें आमचें मत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. हें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. एका घरच्या नुकसानींतून तें मिळालें आहे.

आमचे वडील बंधु बरींच वर्षें अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतात. त्यांच्या दिवाणखान्यांत चार फूट लांबीचें, ७५ गॅलन म्हणजे सुमारें २८४ लिटर पाण्याचें काचेचें टांकें आहे. त्यांत पोवळ्यांचीं चौदा लहान खोडें होतीं. हीं समुद्रांतून ओरबाडून आणलेलीं नव्हतीं. गुलाबाची फांदी छाटून जशी कुंडींत लावावी, त्याप्रमाणें टांक्यांतच वाढलेल्या पोवळ्याचा बोटभर तुकडा कापून दगडावर चिकटवितात व त्यापासून नवें पोवळें वाढतें.

तीन हिवाळ्यांपूर्वीं बंधूंच्या हातीं थोडा शिल्लक पैसा आला. आमच्या पुतण्याचा आग्रह, कीं नवा एल्. ई. डी. दिवा घ्यावा. वहिनींचें म्हणणें, कीं पाणी ऊबदार ठेवणारा हीटर सात वर्षांचा जुना झाला आहे, तो आधीं बदलावा. दोघांनींही आमचें मत विचारलें. आणि आम्हींही दिव्याच्याच बाजूनें कौल दिला, हें येथें कबूल केलें पाहिजे. दिवा आला. टांकें असें कांहीं झळाळूं लागलें, कीं येणारा पाहुणा आधीं त्यापुढें जाऊन उभा राही. पुढें त्याच हिवाळ्यांत एके रात्रीं त्या जुन्या हीटरचा थर्मोस्टॅट अडकला व हीटर बंद होईना. सकाळीं पाहतात तों पाणी ३३ अंशांवर गेलेलें. आठ दिवसांत चौदांपैकीं अकरा खोडें पांढरीं पडून मेलीं. पुतण्यानें तीं एकेक करून बाहेर काढलीं, परंतु कोणास दोष दिला नाहीं. वहिनीही कांहीं बोलल्या नाहींत. त्यांचें तें न बोलणेंच आमच्या मनास अधिक लागलें.

असें कां झालें, तें समजून घेण्यासारखें आहे. पोवळें हें झाड नव्हे. तो प्राणी आहे. परंतु त्याच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वस्ती करून असतें. तें शैवाल प्रकाशापासून अन्न तयार करतें व त्यांतला मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. पोवळ्याचा रंगही बहुतांशीं त्याचाच. पाणी प्रमाणाबाहेर तापलें, कीं ही मैत्री तुटते. शैवाल बाहेर टाकलें जातें, पोवळें पांढरें पडतें व पुष्कळदां उपासमारीनें मरतें. समुद्रांतील प्रवाळभित्तींवर उन्हाळ्याच्या नेहमींच्या कमाल उष्णतेपेक्षां एक-दोन अंश अधिक उष्णता कांहीं आठवडे टिकली, तरी हाच अनर्थ होतो. मग एका रात्रींत सात-आठ अंश वाढल्यावर काय होणार ? तेव्हां दिव्यानें जें द्यावयाचें, तें घेणाराच उरला नाहीं.

यावरून आमचें पहिलें मत असें, कीं जें उपकरण पाहुण्यांस दिसत नाहीं, तें आधीं घ्यावें. त्यांतही मोजमापाचीं साधनें सर्वांच्या पुढें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. टांक्यांत हें प्रमाण राहिलें आहे किंवा नाहीं, हें डोळ्यांस दिसत नाहीं. रिफ्रॅक्टोमीटर नांवाच्या लहानशा नळीनें तें क्षणांत कळतें. पोवळीं आपला सांगाडा बांधण्यास पाण्यांतील कॅल्शियम व अल्कता खर्च करतात; किती खर्च झाली, तें परीक्षेचीं औषधें सांगतात. हिशेबाची वही न ठेवतां दुकान वाढविणारा व्यापारी आणि पाणी न मोजतां यंत्रें आणणारा हौशी, या दोघांची गत सारखीच.

दुसरें स्थान संरक्षक साधनांचें. एका मोठ्या हीटरऐवजीं दोन लहान हीटर घ्यावेत. एक अडकून चालूच राहिला, तरी त्याच्या अंगीं सारें पाणी फार तापविण्याचें बळ नसतें. एक बंद पडला, तरी दुसरा कांहीं काळ निभावून नेतो. त्या दोहोंवर वेगळा तापनियंत्रक बसवावा, म्हणजे ठरलेल्या अंशावर तो वीजच तोडतो. वीज गेल्यास पाण्यांतील प्राणवायु प्रथम कमी होऊं लागतो. त्यासाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा. खारें पाणी आणि वीज हीं शेजारीं नांदतात, म्हणून गळती होतांच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा, आणि प्रत्येक वायर खुंटीपाशीं जाण्यापूर्वीं खालीं झोल देऊन न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब खुंटींत न शिरतां झोलावरून खालीं पडतो. तापनियंत्रकासह हीं सारीं साधनें त्या नव्या दिव्याच्या किंमतीच्या चौथ्या हिश्श्यांत आलीं असतीं, हें आम्हीं मागाहून हिशेब करून पाहिलें.

तिसरें स्थान पाण्याच्या शुद्धीचें व हालचालीचें. टांक्यांतील पाण्याची वाफ होते, पण मीठ मागें राहतें. म्हणून घट भरावयाची ती गोड्या, शुद्ध पाण्यानें, खाऱ्या पाण्यानें नव्हे. हें काम आपोआप करणारें यंत्र उपयोगी खरें. परंतु त्याची टांकी लहान असावी, म्हणजे यंत्र बिघडलें तरी पूर येत नाहीं. पाण्यांतील घाण काढण्यास स्किमर नांवाचें यंत्र असतें. गुऱ्हाळांत रस उकळतांना वर आलेली मळी काढून टाकतात, हें आमच्या दक्षिणेकडील विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. स्किमर उष्णतेऐवजीं असंख्य बारीक बुडबुडे सोडून तेंच साधतो. घाण बुडबुड्यांस चिकटते व फेस होऊन वरच्या भांड्यांत पडते.

दिव्याचें स्थान यानंतरचें. येथें आमचा पुतण्या म्हणेल, कीं प्रकाश हेंच पोवळ्याचें अन्न, मग दिव्यास शोभेची वस्तु कसें म्हणतां ? हा आक्षेप योग्य आहे. जुना दिवा खरोखर अपुरा असेल, तर नवा अवश्य घ्यावा. परंतु तो अपुरा आहे, हें प्रकाश मोजून ठरलें होतें काय ? तसें झालें नव्हतें. शेजारच्या टांक्यावर तसा दिवा होता, एवढेंच कारण होतें. शिवाय तीव्र प्रकाश एकदम पाडला तर तोही पोवळ्यांस पांढरें करतो. तो मंद ठेवून कांहीं आठवड्यांत हळूहळू वाढवावा लागतो. म्हणून एका वेळीं एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहण्यास पुरेसा अवधि द्यावा. चार वस्तु एकदम बदलल्या, तर कोणतीनें गुण दिला व कोणतीनें अवगुण, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं.

उपकरणांवांचून कांहींच होत नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. ॲना थिन नांवाच्या बाईंनीं १८४६ सालीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरून पोवळ्यांचे जीव लंडनला आपल्या घरीं आणून वाढविले. त्यांच्याकडे पंप नव्हता. दासी उघड्या खिडकीपाशीं उभी राहून पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओती, तोच प्राणवायूचा पुरवठा. जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं समुद्रांतील जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच पोवळीं पाळलीं व १९६१ सालीं ती रीत जगापुढें मांडली. खडकांतील सूक्ष्म जंतु विषारी अमोनियाचें रूपांतर निरुपद्रवी पदार्थांत करतात, हें तिचें मर्म. या दोघांचें खरें उपकरण म्हणजे रोजचें लक्ष. तें कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.

आतां आपल्या विद्यार्थ्यांस एक सूचना देणें अवश्य आहे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं दगडी पोवळ्यांस २००१ सालापासून पूर्ण संरक्षण आहे. तीं तोडणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. म्हणून कोणी गुपचूप विकावयास आणलीं, तरी घेऊं नयेत. पोवळीं पाहावयाचीं असतील, तर तीं मालवणच्या समुद्रांत आहेत. तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. घरीं गोड्या पाण्याचें लहान टांकें ठेवावें. वरील क्रम त्यासही तंतोतंत लागू पडतो. रंगीत दगड, प्लास्टिकचा किल्ला व झगझगीत दिवा आणण्यापूर्वीं थर्मामीटर आणावा, नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालवावा, आणि वीज गेल्यावर मासे श्वास कसे घेतील, याचा विचार करावा.

कांहीं पालक म्हणतील, कीं हा सारा श्रीमंतांचा खेळ आहे, मुलांस त्याचें काय ? आमचें उत्तर एवढेंच, कीं ‘हें मला हवें आहे’ आणि ‘याची त्या जीवास गरज आहे’ हीं दोन वाक्यें वेगळीं आहेत, हें ज्या मुलास एका टांक्यापाशीं कळलें, त्यास तें पुढें संसारांतही उपयोगी पडेल. आम्हांस तें उशिरां कळलें.

बंधूंचें टांकें आजही चालूं आहे. उरलेल्या तीन खोडांपासून पुतण्यानें आतां नऊ केलीं आहेत. दिवा तोच आहे. मात्र त्याच्याखालीं, पाहुण्यांच्या नजरेस न पडेल अशा जागीं, दोन लहान हीटर व एक तापनियंत्रक आहे. तो वहिनींनीं स्वतः निवडून आणला. या खेपेस आमचें मत कोणीं विचारलें नाहीं, आणि तें योग्यच झालें.