अजिंठ्याचा गिलावा

आमच्याकडे चित्रकलेवर बोलावयाचें म्हटलें कीं वक्त्याचा आवाज खालीं येतो आणि डोळे अर्धवट मिटतात. परवां एका सभेंत असेंच झालें. तंत्र हें पाश्चात्त्यांचें खूळ. अजिंठ्याचे चित्रकार ध्यान लावून बसत आणि चित्र जणूं आपोआप भिंतीवर उमटे, असा एकंदर व्याख्यानाचा मथितार्थ. टाळ्या पडल्या. मींहि वाजविल्या, हें कबूल केलें पाहिजे; वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाला असल्या वाक्यांची चटक असते. घरीं परततांना मात्र वाटूं लागलें कीं ही त्या कारागिरांची स्तुति नव्हे, निंदा आहे.

ती भिंतच पाहा. कातळावर पहिला थर मातीचा. त्यांत भाताचें तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मळलेले. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, वर चुन्याचा पातळ हात. हें वाळल्यावर गेरूनें रेखाटन, आणि मग सरसासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग. गेरू, पिवडी, हिरवी माती हीं आसपासचीं, काळा रंग काजळीचा. निळा तेवढा लाजवर्दाचा. तो दगड अफगाणिस्थानांतून आणावा लागे. नुसत्या ध्यानानेंच काम भागतें तर इतक्या दूरचा दगड कशाला हवा होता?

या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणणारे विद्वानहि पुष्कळ. खऱ्या फ्रेस्कोंत रंग ओल्या चुन्यावर लावतात. चुना हवेंतील कर्बवायु शोषून घट्ट होतो व रंगाला स्वतःच धरून ठेवतो. अजिंठ्यास गिलावा कोरडा आणि रंगाला आधार त्या चिकट द्रव्याचा. हा शब्दच्छल नव्हे. १८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह येथें नकला केल्या. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढलें. पुढें १९२० नंतर निजाम सरकारनें इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनीं सुटलेला गिलावा सावरला, पण वर लाखेचें पूट दिलें. हीं पुटें पिवळीं पडलीं, काळवंडलीं, आणि तीं उतरविण्यांत पुरातत्त्व खात्याचीं अनेक वर्षें गेलीं. यांपैकीं कोणीहि त्या भिंतींचा शत्रु नव्हता. सारे भक्तच!

रचनेविषयीं तर अज्ञान आणखीच गाढ. एक म्हणतो, या लोकांना यथार्थदर्शन ठाऊक नव्हतें. दुसरा म्हणतो, त्यांना त्याची गरजच नव्हती, ते आत्मा रंगवीत. एकाच बिंदूकडे धांवणाऱ्या रेषांचें शास्त्र इटलींत पंधराव्या शतकांत ठरलें. तें पांचव्या शतकांतल्या भिंतीवर शोधणें हास्यास्पद आहे. १ क्रमांकाच्या लेण्यांत महाजनक जातक पाहा. तोच राजा एका भिंतीवर पुनःपुन्हां येतो, आणि चौकट म्हणून कोठें आखलेली नाहीं. मंडपाचे खांब, दरवाजा, एखाद्या आकृतीची वळलेली मान, यांनींच प्रसंग विलग होतात आणि दृष्टि पुढें सरकते. हें न शिकतां हातीं येत नाहीं. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत शरीराचीं नऊ स्थानें आहेत, अवयव आखूड-लांब दाखविण्याचा क्षयवृद्धीचा विचार आहे, छायेच्या तीन पद्धति आहेत. यशोधराच्या टीकेंत चित्राचीं सहा अंगें मोजलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. सहांत भाव एक! आमच्या वक्त्यांनीं बाकीचीं पांच कोठें ठेविलीं तें त्यांनाच ठाऊक.

हें सभागृहांतच राहतें तर मी लेखणी उचलली नसती. पण घरांतलें मूल रेघा ओढूं लागलें कीं आपण कौतुकानें म्हणतों, ‘देणगी आहे हो,’ आणि तेथेंच त्याचें शिक्षण संपवितों. गाणाऱ्या मुलीला पलटे घोटावयास बसविणारे आईबाप चित्र काढणाऱ्या मुलाकडून कांहींच घोटून घेत नाहींत. माझें मागणें लहान आहे. चित्रकलेच्या प्रत्येक वर्गांत एक कोरी भिंत आणि एक घमेलें असावें. मुलांनीं माती स्वतः मळावी, गिलावा तडकला तर कां तडकला तें पाहावें, पुन्हां लिंपावा. त्यानंतर अध्यात्मावर व्याख्यान ठेवण्यास माझी हरकत नाहीं.