नकाराला कारण हवे

एका घरात दोन संगणक आणि एक प्रिंटर असावा, आणि त्या दोन्ही संगणकांनी तो प्रिंटर बिनबोभाट वापरावा, एवढीच माफक अपेक्षा बाळगणाऱ्या गृहस्थाला आज जो मनस्ताप सोसावा लागतो, त्याचे खापर त्याच्याच अज्ञानावर फोडण्याची रीत संगणकाच्या क्षेत्रात रूढ झाली आहे. ही रीत अन्यायाची आहे. परीक्षेचे हॉल तिकीट मुलीच्या लॅपटॉपवर तयार असते, प्रिंटर वडिलांच्या संगणकाला यूएसबीच्या वायरने जोडलेला असतो, दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असतात. आणि कालपर्यंत बिनतक्रार चाललेला हा व्यवहार आज सकाळी पडद्यावर एक लांबलचक क्रमांक उमटवून बंद पडतो.

‘११बी’ने संपणाऱ्या त्या कुप्रसिद्ध क्रमांकामागे एक हकीकत आहे. विंडोजमध्ये छपाईची कामे रांगेत लावणारा ‘प्रिंट स्पूलर’ नावाचा जो कारकून आहे, त्याला त्या यंत्रावरील जवळजवळ सर्वाधिकार बहाल केलेले असतात. आणि २०२१ च्या जूनअखेरीस उजेडात आलेल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषामुळे असे सिद्ध झाले की, त्या कारकुनाच्या हातून परका इसम दुरूनच, प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या नावाखाली, नको तो प्रोग्राम आत घुसवू शकतो. मायक्रोसॉफ्टने जुलैत तातडीची दुरुस्ती धाडली, ऑगस्टमध्ये असा ड्रायव्हर बसविण्यास ॲडमिनिस्ट्रेटरचा परवाना आवश्यक केला, आणि सप्टेंबरात, एका निराळ्याच दोषाच्या निवारणार्थ, दोन संगणकांमधील छपाईच्या देवाणघेवाणीवर अधिक कडक तपासणी लागू केली. प्रिंटर बाळगणाऱ्या यंत्राने हे अपडेट घेतले आणि दुसरे यंत्र जुनेच राहिले, की नकार ठरलेला. तत्पूर्वी, २००९ साली विंडोज ७ बरोबर खास घरगुती वापरासाठी आलेली ‘होमग्रुप’ ही सोय २०१८ मध्ये काढून घेण्यात आली होती.

या हुकुमांपैकी सुरक्षेचे हुकूम रास्त होते, हे मी निःसंकोच मान्य करतो. माझी तक्रार आहे ती त्यांच्या मुकेपणाबद्दल. रोज चार आकडी पिन टाकून लॅपटॉप उघडणाऱ्याला, दुसऱ्या संगणकाने परवलीचा शब्द मागितला असता तो पिन तेथे चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्डच लागतो, हे कोणी सांगत नाही. राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिला आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद धाडीत बसला, तर पडद्यावर दिसते ते केवळ ‘ऑफलाइन’. वस्तुतः प्रिंटरचा हिरवा दिवा समोर लुकलुकत असतो. घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेल्यामुळे यंत्र शेजारच्या यंत्राला ओळख दाखवीत नसेल, तर तेही आपणच हुडकून काढायचे.

अशा अगतिकतेत मनुष्य जो भेटेल त्याचा सल्ला घेतो, आणि ते सल्ले बहुधा एकाच मासल्याचे असतात: फायरवॉल बंद करा, अपडेट काढून टाका, रजिस्ट्रीतला अमुक आकडा शून्य करा. दुर्दैव असे की यांतले शेवटचे दोन उपाय पुष्कळदा लागू पडतात, आणि कागद बाहेर आला की कवाड उघडे राहिल्याचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. त्यापेक्षा दोन्ही यंत्रांवर सर्व अपडेट घेऊन मगच पुन्हा जोडणी करून पाहावी. आणि त्याहूनही इष्ट म्हणजे प्रिंटरला स्वतःचे वायफाय असल्यास तो थेट राउटरला जोडावा व राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता कायम मुक्रर करून टाकावा, म्हणजे कोणा एका संगणकाची मध्यस्थी उरतच नाही. त्यासाठी लागणारी आयपीपी ही सर्वमान्य पद्धत १९९९ पासून अस्तित्वात आहे. तरीही केवळ यूएसबीवर चालणारे प्रिंटर बाजारात अद्याप खपतात, आणि घरात दोन संगणक असलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा अर्थ दुकानदार क्वचितच समजावतो.

विंडोजचा पडदा आज मराठीतही वाचता येतो. तेव्हा नकार देताना तो कोणत्या नियमान्वये दिला, दोहोंपैकी कोणते यंत्र अडले आहे आणि पुढे काय करावे, हे क्रमांकाखाली तीन सरळ वाक्यांत लिहिण्याची तजवीज मायक्रोसॉफ्टने करावी, आणि प्रिंटर थेट राउटरला जोडता येतो की नाही हे उत्पादकांनी खोक्यावर ठळक छापावे.