आजीचा आवाज आणि दोन तारांची केबल

रविवारची सामुदायिक वंदना आटोपली की आम्ही विहाराच्या अभ्यासिकेत तासभर बसतो. कोणाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज असतो, कोणाची शिष्यवृत्ती अडलेली असते, कोणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलेले असते. पूर्वी लोक कागद घेऊन येत, आता मोबाईल घेऊन येतात. कागद मोबाईलमध्ये असतो, अर्ज संगणकावर भरावयाचा असतो आणि एकातले दुसऱ्यात जात नाही म्हणून माणूस अडून बसलेला असतो. अशा कामांत आमचे काही रविवार गेले, आणि काही गोष्टी आम्हीही तेथेच शिकलो.

त्यातील एका रविवारची हकीगत सांगतो. वस्तीतील एक भगिनी आपल्या अकरावीतल्या मुलाला घेऊन आल्या. त्या चार घरी धुणीभांडी करतात. हातात रुमालात गुंडाळलेला मोबाईल होता. सज्ज्यावरून पडून काच तडकली होती. पडद्यावर चित्र दिसत होते, परंतु बोट लावल्यास काही हालत नव्हते. त्या म्हणाल्या, "भाऊ, नवा मोबाईल घेऊ कधीतरी. पण आजीचा आवाज यातच आहे न."

आजी म्हणजे त्यांच्या सासूबाई. २०२४ साली वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्या गेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर त्या आठ वर्षांच्या होत्या. आईवडिलांबरोबर बैलगाडीने आल्या, पांढरे लुगडे घ्यायला पैसे नव्हते म्हणून आईने जुने धुवून नेसले, गर्दीत त्यांची चप्पल हरवली, हे सर्व त्या नातवाला सांगत आणि नातू ते मोबाईलवर टेप करून ठेवी. शाळेच्या प्रकल्पासाठी सुरुवात केली आणि पुढे सवयच झाली. पहिल्या स्मृतिदिनी विहारात हा आवाज सर्वांना ऐकवायचा असे घरात ठरले होते. त्यास तीन आठवडे राहिले होते आणि मोबाईल पडला.

बाजारातील एका दुकानदाराने त्यांना सांगितले होते की, फॉरमॅट मारावा लागेल. नशीब, की मुलाने मोबाईल परत मागून घेतला. वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे. मोबाईल पुसून कोरा करणे, इतकाच त्याचा अर्थ. अलीकडच्या अँड्रॉईड मोबाईलमधील माहिती आतल्या आत कुलूपबंद करून ठेवलेली असते आणि फॉरमॅट केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग कितीही मोठा कारागीर आणला तरी ती माहिती परत येत नाही. दुकानदाराचे काम मोबाईल चालू करून देण्याचे असते. आत काय आहे याची काळजी ज्याची त्यानेच घ्यावयाची असते.

आम्ही प्रथम सरळ मार्ग धरला. अभ्यासिकेतील संगणकाला केबल लावली. मोबाईलवर चार्जिंगची खूण आली, संगणकाने मात्र काही दखल घेतली नाही. दहापैकी निम्म्या वेळा येथेच घोडे पेंड खाते, आणि दोष मोबाईलचा नसतो, संगणकाचाही नसतो. तो केबलचा असतो. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन तारा वीज नेतात आणि दोन माहिती नेतात. टेबलफॅन, टॉर्च, दाढीचे मशीन यांच्याबरोबर जी स्वस्त केबल मिळते तिच्यात कित्येकदा वीज नेणाऱ्या दोनच तारा घातलेल्या असतात. अशा केबलीवर मोबाईल रात्रभर चार्ज होईल, पण एक फोटोही पलीकडे जाणार नाही. बाहेरून पाहून हे कळत नाही. परीक्षा एकच. तीच केबल दुसऱ्या चांगल्या मोबाईलला लावून पाहावी. तेथेही संगणक गप्प राहिला तर केबल बाजूला ठेवावी आणि तिला गाठ मारून ठेवावी, म्हणजे पुन्हा फसगत होणार नाही. आम्ही गाठ मारतो. हसणारे हसोत.

केबल चांगली असूनही जोडणी होत नसेल तर मोबाईलच्या खाचेत डोकावून पाहावे. खिशातला कचरा, कापसाचे तंतू तेथे दाबून बसतात आणि पिन पुरती आत जात नाही. मोबाईल बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीने तो हलक्या हाताने काढावा. सुई किंवा टाचणी घालू नये. संगणकाच्या पुढच्या खाचा सैल झालेल्या असतात, म्हणून मागच्या खाचेत लावून पाहावे. एवढे करूनही झाले नाही तर दोन्ही यंत्रे एकदा बंद करून सुरू करावीत. कचेरीत आम्ही हाच उपाय वर्षानुवर्षे करीत आलो आहोत आणि तो पुष्कळदा लागू पडतो, का ते विचारू नये.

दुसरी केबल लावली तेव्हा संगणकाने टुण्ण असा आवाज केला. मोबाईलचे नाव पडद्यावर आले. ते उघडले तर आत काहीच नाही! त्या भगिनींचा चेहरा पडला. "सगळं गेलं का जी?" असे त्यांनी विचारले. गेले नव्हते. २०१५ साली आलेल्या अँड्रॉईडच्या सहाव्या आवृत्तीपासून अशी व्यवस्था आहे की, केबल लावल्यावर मोबाईल केवळ चार्ज होतो. कोणीही येता-जाता आपली माहिती काढून घेऊ नये यासाठी ती केलेली आहे. मोबाईलचे कुलूप आपण स्वतः उघडायचे, पडद्यावर वरून खाली बोट ओढायचे, यूएसबी चार्जिंगची जी सूचना दिसते तिच्यावर दाबायचे आणि फाईल ट्रान्सफर निवडायचे, तेव्हाच संगणकाला आतले दिसते. ज्यांच्याकडे जुना आयफोन आलेला असेल त्यांना या संगणकावर विश्वास ठेवावा काय, असा प्रश्न येतो. त्यास होकार दिल्यावर फोटो दिसू लागतात, बाकीचे सहजासहजी दिसत नाही.

आता अडचण अशी की, कुलूप उघडायला बोट चालले पाहिजे आणि नेमके तेच चालत नव्हते. पासवर्ड ठाऊक, माणूस समोर, मोबाईल जिवंत, आणि आत जाता येत नाही. आम्ही कपाळाला हात लावून बसलो. तेव्हा तो अकरावीतला पोरगा म्हणाला, "काका, मोबाईलला माऊस लावला तर?"

खरे सांगायचे तर आम्हाला हे सुचले नव्हते. ओटीजी नावाची एक छोटी पिन मिळते. ती मोबाईलच्या खाचेत बसवली की तिच्या दुसऱ्या तोंडाला संगणकाचा साधा माऊस जोडता येतो. समोरच्या दुकानातून ती ७० रुपयांस आणली. माऊस लावताच तडकलेल्या काचेवर बाण उमटला! सगळेच मोबाईल ओटीजी मानत नाहीत, काहींत सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावे लागते आणि पडदा पूर्ण काळा झालेला असेल तर हा उपाय आंधळ्यासारखा करावा लागतो. परंतु येथे चित्र दिसत होते. पोराने माऊसने आकडे दाबले आणि मोबाईल उघडला.

तरी काम संपले नव्हते. मोबाईलला खाच एकच. त्यात माऊस अडकलेला, मग केबल कोठे लावणार? माऊस काढून केबल लावली तर फाईल ट्रान्सफरवर दाबायला बोट नाही. म्हणून संगणकाचा नादच सोडला. एका खाचेच्या चार खाचा करणारा हब अभ्यासिकेत होता. ओटीजीला हब जोडला, हबला एकीकडे माऊस आणि दुसरीकडे पेनड्राईव्ह. मोबाईलमधून सरळ पेनड्राईव्हमध्ये उतरवायचे ठरले. असे करताना माऊस आणि पेनड्राईव्ह दोन्ही मोबाईलचीच वीज खातात, म्हणून आधी तासभर चार्ज करून घेतला.

येथे आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. घाईत आम्ही विहाराच्या जमाखर्चाचा पेनड्राईव्ह लावला. मोबाईलने विचारले की, हा पेनड्राईव्ह वाचता येत नाही, फॉरमॅट करू काय? तो पेनड्राईव्ह संगणकाच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेला होता आणि पुष्कळ मोबाईल ती पद्धत वाचीत नाहीत. होय म्हटले असते तर जयंतीच्या वर्गणीचा सारा हिशेब पुसला गेला असता आणि आम्ही समितीपुढे कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो! कोरा पेनड्राईव्ह घ्यावा आणि तो संगणकावर एक्सफॅट किंवा फॅट-३२ पद्धतीने आखून घ्यावा. फॅट-३२ वर चार जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही, त्यामुळे लग्नाचा लांबलचक व्हिडिओ तेथे अडतो. आवाजाच्या फाईली लहान असतात, त्यांना अडचण नाही.

आवाज कोठे शोधायचा? मोबाईलच्या रेकॉर्डरने टेप केलेले रेकॉर्डिंग्ज अशा नावाच्या फोल्डरमध्ये असते, काही मोबाईलमध्ये ते म्युझिकच्या पोटात असते. कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएममध्ये असतात. व्हॉट्सॲपवर आलेले बोलणे मात्र खोल दडलेले असते. अलीकडच्या मोबाईलमध्ये अँड्रॉईड नावाच्या फोल्डरात मीडिया, त्यात व्हॉट्सॲपचे फोल्डर आणि त्याच्याही आत व्हॉईस नोट्स सापडतात. आजींनी लेकीला गावी पाठविलेले निरोप तेथे निघाले. त्या फाईली ओपस प्रकारच्या असतात, संगणकावर व्हीएलसी हे मोफत मिळणारे साधन घातले की वाजतात.

आम्ही सर्व फाईली कॉपी केल्या, कट केल्या नाहीत. हा नियम कधीही मोडू नये. कट करताना मध्येच केबल हलली तर फाईल इकडची राहात नाही आणि तिकडचीही होत नाही. हजारो फोटो एकदम ओढले तर काम अर्ध्यावर थांबते, म्हणून शे-दोनशेच्या जुडीने न्यावेत. मोबाईलमध्ये ४१ रेकॉर्डिंग होती, पेनड्राईव्हवर मोजली तर ४१ भरली. कारकुनी सवयीने आम्ही आकारही तपासला, तेव्हा एका फाईलचा आकार शून्य दिसला. ती पुन्हा घेतली. मग एकेक लावून थोडे थोडे ऐकले. नाव दिसते म्हणजे आत माल आहे असे समजू नये.

बरेच जण विचारतात की, केबलीची एवढी यातायात कशाला, ब्लूटूथ आहे, व्हॉट्सॲप आहे. ब्लूटूथ एखाद-दुसऱ्या फोटोला ठीक आहे, एक जीबी पाठवायला त्यास तासाहून अधिक लागतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठविते, मग दाखल्यावरील बारीक अक्षर फुटते आणि अर्ज नामंजूर होतो. तेथून पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ प्रत जशीच्या तशी जाते. पूर्वी घरोघरी असलेली शेअरइट आणि झेंडर ही ॲप भारत सरकारने जून २०२० मध्ये बंद केली. त्या नावाने कोणी काही टाकून देत असेल तर घेऊ नये. अँड्रॉईडमध्ये क्विक शेअर आता आतच असते, एका मोबाईलवरून दुसऱ्यावर पाठवायला ते चांगले आहे. आणि गुगल फोटोजवर भरवसा ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, तेथे फोटो आणि व्हिडिओ जातात, नुसता आवाज जात नाही. या कुटुंबाचेही असेच झाले होते. फोटो सुरक्षित, आवाज एकाच मोबाईलमध्ये.

बीबीसीने १९५५ साली घेतलेल्या मुलाखतीतला बाबासाहेबांचा आवाज आज आपली मुले मोबाईलवर ऐकतात. कोणीतरी ती टेप सांभाळली म्हणून ऐकतात. आपल्या वस्त्यांतून १९५६ चा सोहळा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता मोजकीच राहिली आहेत. त्यांचे बोलणे टेप करणारी नातवंडे पुष्कळ आहेत, आणि ते सारे बोलणे एकेका तडकणाऱ्या मोबाईलमध्ये पडून आहे.

आजींचा आवाज आता तीन ठिकाणी आहे. एक पेनड्राईव्ह घरच्या पत्र्याच्या पेटीत, दुसरी प्रत आजींच्या लेकीकडे आणि तिसरी मुलाच्या गुगल ड्राईव्हवर, जेथे १५ जीबीपर्यंत फुकट ठेवता येते. अभ्यासिकेच्या संगणकावर आम्ही काही ठेवले नाही. घरचे बोलणे घरचेच, सार्वजनिक संगणकावर उतरवलेले काम होताच पुसावे आणि कचरापेटीही रिकामी करावी.

स्मृतिदिनी त्रिसरण पंचशील झाल्यावर विहारात तो आवाज लावला. बैलगाडी आली, हरवलेली चप्पल आली, बाया डोळे पुसत होत्या. रेकॉर्डिंगच्या शेवटी कुकरची शिट्टी आणि आजींचा प्रश्न, "झालं का रे बंद? मग मी जेवून घेतो." सारे विहार हसले.

ओटीजीची पिन, हब आणि चार तारांची एक चांगली केबल अभ्यासिकेच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर यावे. मोबाईल पुरता चार्ज करून आणावा, पेनड्राईव्ह स्वतःचा आणावा आणि पासवर्ड ज्याला ठाऊक आहे त्या माणसाला बरोबर आणावे.