मीटरच बदला!

"सर, मीटरच बदलून टाका." आमच्या १९९४ च्या पद्मिनीचा स्पीडोमीटरचा काटा थरथरू लागला, तेव्हा गॅरेजवाल्याने डॅशबोर्डखाली हातही न घालता निकाल दिला. पेपर न तपासताच नापास!

अहो, या मीटरला वीज लागत नाही. गिअरबॉक्सकडून आलेली केबल आतले लोहचुंबक फिरवते. त्यामुळे शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत विजेचे भोवरे उठतात, वाटी ओढली जाते, बारीक स्प्रिंग तिला आवरते. काटा त्या वाटीचा. किलोमीटरचे आकडे त्याच केबलवर, पण दातेरी चाकांनी फिरतात.

म्हणून काटा आणि आकडे दोन्ही थांबले, तर आधी केबल आणि गिअरबॉक्सकडचे दातेरी चाक पाहावे. आकडे फिरतात पण काटा मेला, तर दोष मीटरमध्ये. काटा थरथरतो, तर केबल कोरडी पडली असेल किंवा कुठे मुडपली असेल. एवढे आठवीतल्या पोरालाही समजावता येते.

मी हट्टाने आतली तार काढायला लावली. पुसून, बेताने ग्रीस लावले. वरचे टोक कोरडे ठेवले, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढते. काटा शांत झाला.

म्हणे तपासत बसलो तर मजुरी सुटत नाही. मग तपासणीचे पैसे मागा ना! मी देईन. पण मीटरबरोबर गाडीने चाललेला खरा आकडाही भंगारात जातो, त्याचे काय? उद्या गाडी घेणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, किती चालली ते?

बदलायला पाना पुरतो. तपासायला डोके लागते.